बेंटोनियाचं घराणं

१९७७ साली अमेरिकेच्या नासानं व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली. त्या यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवलेली आहे. कुणा परग्रहवासीयाला ती कधी सापडलीच, तर पृथ्वीवरचा माणूस कसं गातो-वाजवतो हे त्याला कळावं, म्हणून जगभरातल्या सत्तावीस रचना तिच्यावर घेतल्या. त्यात आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गोव्यात संगीतावर गप्पा रंगल्या की ही गोष्ट निघतेच, आणि आपली मान ताठ होते. व्हायलाच हवी.

पण त्याच तबकडीवर, केसरबाईंच्या शेजारी, टेक्सासचा एक आंधळा गिटारवादकही बसला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याचं नाव ब्लाइंड विली जॉन्सन. गाणी देवाची, पण वादनाची जात ब्लूजची. हा रस्त्याच्या कडेला उभा राहून गायचा. १९२७ ते १९३० या काळात कोलंबिया कंपनीनं त्याच्या तीस रचना ध्वनिमुद्रित केल्या आणि मग त्याला सगळे विसरले. १९४५ साली त्याच्या घराला आग लागली. जायला दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून तो त्याच जळक्या घरात ओल्या अंथरुणावर निजला आणि आजारी पडून वारला, असं सांगतात. ज्याला त्याच्या गावानं नीट छप्पर दिलं नाही, त्याचा आवाज आज सूर्यमालेच्या पलीकडे पोचला आहे.

मला या गोष्टीत नियतीचा खेळ वगैरे दिसत नाही. मला दिसतो तो एक साधा हिशेब. जॉन्सनच्या तीस रचना तबकड्यांवर उतरल्या होत्या, म्हणून तो सापडला. ज्यांची एकही उतरली नाही, त्यांचं काय? आजचा लेख त्यांच्याबद्दल आहे. आणि त्यासाठी मी तुम्हाला एका अगदी लहान गावात नेणार आहे.

ब्लूज म्हटलं की आपल्याकडे बी. बी. किंग, मडी वॉटर्स, फार तर रॉबर्ट जॉन्सन ही नावं घेतली जातात. ती मोठी आहेतच. पण ब्लूज हे मुळात नावांचं संगीत नव्हे, गावांचं संगीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, गुलामीतून सुटलेल्या पण जमीनदाराच्या कर्जातून कधीच न सुटलेल्या काळ्या शेतकऱ्यांमध्ये ते वाढलं. दुसऱ्याच्या जमिनीत कापूस पिकवायचा, अर्धा वाटा मालकाला द्यायचा, उरलेल्या अर्ध्यातून मालकाच्याच दुकानाची उधारी फेडायची. आपल्याकडे भाटकार-मुंडकार हे शब्द उच्चारले की जे चित्र उभं राहतं, ते इथं मनात आणायला हरकत नाही, जरी दोन्हींचे कायदे आणि इतिहास वेगळे असले तरी. आठवडाभर राबून शनिवारी रात्री ही माणसं कुणाच्या तरी घरी किंवा खोपटात जमायची. तिथं घरी गाळलेली दारू, तळलेले मासे आणि नाच. अशा जागेला तिकडे ज्यूक जॉइंट म्हणतात. तिथं गिटार वाजवणारा माणूस त्याच वस्तीतला असायचा. सोमवारी तोही शेतात.

मिसिसिपी राज्यात याझू नावाचा परगणा आहे. राज्याची राजधानी जॅक्सन, तिथून साधारण पन्नास किलोमीटर उत्तरेला बेंटोनिया हे गाव. सपाट मैदानी डेल्टा जिथं संपतो आणि टेकड्या सुरू होतात, तिथं वसलेलं. वस्ती आज पाचशेहूनही कमी. म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा वाडा म्हणा. एक रेल्वेरूळ, रुळासमोर काही दुकानं. एवढ्याशा गावाच्या नावानं ब्लूजमध्ये एक स्वतंत्र वादनशैली ओळखली जाते. आपल्या भाषेत बोलायचं तर हे एक घराणं आहे.

घराणं म्हटलं की त्याची ओळख कशात? आपण म्हणतो, आवाजाचा लगाव, रागांची निवड, लयीशी खेळण्याची रीत. बेंटोनियाची ओळख तारा लावण्यातच सुरू होते. हे थोडं खोलात जाऊन सांगतो, कारण पेटी-तंबोऱ्याशी ओळख असलेल्या आपल्या वाचकाला ते चटकन कळेल.

गिटारला सहा तारा. नेहमीच्या पद्धतीनं लावलेल्या गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर जर आपण 'सा' धरला, तर जाडीकडून बारीककडे येताना सूर येतात ते असे: सा, मध्यम, कोमल निषाद, कोमल गांधार, पंचम आणि पुन्हा वरचा सा. बेंटोनियाचे वादक यातल्या दोनच तारा बदलतात. मध्यमाची तार चढवून पंचमावर नेतात आणि कोमल निषादाची तार चढवून षड्जावर. आता सूर झाले सा, प, सा, कोमल ग, प, सा. डाव्या हाताचं एकही बोट न लावता गिटार नुसती छेडली, तरी कोमल गांधाराचा तो उदास स्वरमेळ घुमायला लागतो. जवळजवळ तंबोराच, फक्त मधोमध एक कोमल गांधार रुतवून ठेवलेला. स्किप जेम्स पुष्कळदा हीच जुळणी एक स्वर खाली उतरवून वापरत, पण नातं तेच.

बाकीच्या ठिकाणचे ब्लूज वादकही तारा अशा मोकळ्या लावतात, पण त्यात बहुधा शुद्ध गांधार असतो. इथं कोमल. आणि गंमत पुढे आहे. त्या कोमल गांधाराच्या तारेवर पहिल्याच पडद्यावर बोट ठेवलं की शुद्ध गांधार मिळतो. वादक सतत या दोन गांधारांमध्ये येरझारा घालत राहतो. आपल्याकडे जोग रागात दोन्ही गांधार येतात, चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल. ब्लूज म्हणजे राग नव्हे, आणि ओढूनताणून नातं जोडायची मला हौस नाही. पण दोन्ही गांधारांच्या मधल्या त्या अनिश्चित जागेत काय असतं, हे जोग ऐकलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. या जुळणीला स्किप जेम्स 'क्रॉस नोट' म्हणत.

ही जुळणी बेंटोनियात आली कुठून? इथं आपल्या गोष्टीतला पहिला माणूस येतो, हेन्री स्टकी.

स्टकींचा जन्म १८९७ चा. पहिल्या महायुद्धात ते सैनिक म्हणून फ्रान्सला गेले. तिथं त्यांना काही काळे सैनिक भेटले, बहुधा बहामा बेटांवरचे. त्यांच्याकडून आपण ही जुळणी उचलली, असं स्टकींनी नंतर सांगितलं. विचार करा, कॅरिबियन बेटांवरचा सूर, फ्रान्समधल्या छावणीत हातबदल होतो आणि मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतात येऊन रुजतो. संगीताला पासपोर्ट लागत नाही, हे वाक्य आपण भाषणांतून फार ऐकतो. पण त्या सुराला लागलं नाही तरी माणसाला जावं लागलंच, तेही लढाईवर.

स्टकी परत आले आणि गावात, आजूबाजूच्या वस्त्यांत वाजवत राहिले. शेती केली, संसार केला. त्यांचं वादन ऐकून, बघून गावातली पुढची पोरं तयार झाली. त्यांपैकी दोघांची नावं आज ब्लूजच्या इतिहासात आहेत. आणि स्टकींचं स्वतःचं? त्यांच्या वादनाची एकही तबकडी, एकही फीत आज उपलब्ध नाही. १९६६ च्या मार्च महिन्यात ते गेले. ज्या माणसापासून हे घराणं सुरू झालं, तो कसा वाजवायचा हे आज कुणालाही ऐकता येत नाही.

त्यांच्या शिष्यांपैकी पहिले स्किप जेम्स. खरं नाव नेहेमाया कर्टिस जेम्स, जन्म १९०२. आई एका मोठ्या मळ्यावर स्वयंपाकीण. बाप आधी चोरटी दारू विकायचा, मग धर्मोपदेशक झाला आणि घर सोडून गेला. जेम्सनी रस्त्याच्या कामावर, नदीच्या बांधांवर मजुरी केली, दारूही गाळली. जॅक्सन शहरात एच. सी. स्पिअर नावाचे वाद्यांचे दुकानदार होते. तबकड्यांच्या कंपन्यांसाठी नवे कलावंत हेरायचं काम ते करत. त्यांनी १९३१ च्या फेब्रुवारीत जेम्सना पार उत्तरेला, विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्राफ्टन गावी पाठवलं. तिथं पॅरामाउंट कंपनीचा स्टुडिओ होता. ही कंपनी कुणाची, तर खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची! फोनोग्राफची लाकडी कपाटं खपावीत म्हणून त्यांनी तबकड्या काढायला सुरुवात केली होती. जगाच्या संगीतातला एक अमोल ठेवा फर्निचरवाल्यांच्या जोडधंद्यातून वाचला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

जेम्सच्या अठरा रचना आज मिळतात. उंच, पातळ, अंगावर काटा आणणारा आवाज, आणि त्याखाली ती कोमल गांधाराची गिटार. पण १९३१ म्हणजे जागतिक मंदीचं साल. ज्यांच्यासाठी हे संगीत होतं, त्यांच्याजवळ तबकडीला पैसे नव्हते. तबकड्या खपल्या नाहीत. पुढच्याच वर्षी पॅरामाउंटनं ध्वनिमुद्रण थांबवलं. जेम्सच्या त्या तबकड्यांच्या आज अगदी मोजक्या प्रती शिल्लक आहेत. जेम्स निराश होऊन धर्माकडे वळले, बापासारखेच उपदेशक झाले. ब्लूज हे सैतानाचं गाणं, असं चर्चला वाटायचं. गिटार बाजूला पडली.

तीस-तेहतीस वर्षं अशीच गेली. १९६४ साली जॉन फेही, बिल बार्थ आणि हेन्री वेस्टाइन हे तीन तरुण गोरे वादक जुन्या तबकड्यांवरच्या या आवाजाचा माग काढत निघाले आणि मिसिसिपीतल्या टुनिका इथल्या एका इस्पितळात त्यांना जेम्स सापडले, खाटेवर. त्याच उन्हाळ्यात जेम्स न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांसमोर बसून गायले. १९६६ मध्ये क्रीम या इंग्लिश बँडनं त्यांची 'आय'म सो ग्लॅड' ही रचना आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतली. त्याच्या मानधनाचा पैसा जेम्सच्या आजारपणात उपयोगी पडला. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. पाच वर्षं मिळाली त्यांना. उशिरा का होईना, पण मिळाली.

आता दुसरे, आणि माझे आवडते, जॅक ओवेन्स.

ओवेन्सचा जन्म १९०४ चा, म्हणजे जेम्सपेक्षा दोनच वर्षांनी लहान. ते गाव सोडून कुठे गेले नाहीत. शेती करायची, दारू गाळायची, शनिवार-रविवारी आपल्याच घराचा ज्यूक जॉइंट करायचा. तिथंच बसून वाजवायचं. तबकड्यांच्या कुठल्या कंपनीला त्यांचा पत्ता नव्हता आणि त्यांनाही कंपन्यांचा. १९६६ साली डेव्हिड इव्हान्स नावाचे तरुण संशोधक बेंटोनियात आले, तेव्हा ओवेन्सचं वय बासष्टच्या आसपास होतं. तोवर एकदाही कुणी त्यांच्यासमोर ध्वनिमुद्रक ठेवला नव्हता. लक्षात घ्या, हे तेच साल, ज्या वर्षी मार्चमध्ये स्टकी गेले. गुरुजी हुकले, गुरुबंधू सापडले.

ओवेन्सचा अल्बम १९७१ मध्ये निघाला. सोबतीला माउथ ऑर्गनवर बड स्पायर्स. तो आणि जेम्सच्या १९३१ च्या तबकड्या एकापाठोपाठ एक ऐकल्या की घराणं म्हणजे काय ते कळतं. जेम्सची सैतानावरची एक प्रसिद्ध रचना आहे, 'डेव्हिल गॉट माय वूमन'. ओवेन्सही सैतानाचीच गोष्ट सांगणारी तशीच रचना वाजवतात. सांगाडा एक, जुळणी एक, पण इमारत निराळी. जेम्सना ७८ च्या तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मिळाली होती. त्यांनी ती अत्तरासारखी आटवली. ओवेन्स मात्र लांबवतात. पायानं जमिनीवर ठेका धरलेला, मधूनच तो पाय दणकन आपटायचा, गिटार पुन्हा पुन्हा त्याच वळणावर येते आणि दर वेळी थोडी वेगळी होऊन जाते. कारण हे नाचाचं संगीत होतं. समोरची जोडपी थांबेपर्यंत वादकानं थांबायचं नसतं.

हे ऐकताना मला आपल्या जुन्या गायक-गायिकांच्या ७८ च्या तबकड्या आठवतात. केसरबाईंचीसुद्धा जी भैरवी व्हॉयेजरवर गेली, ती साडेतीन मिनिटांची. ज्यांनी त्यांची मैफल ऐकली होती, ते म्हातारे लोक तबकडीवर समाधानी नसत. त्यांचं म्हणणं काय होतं, हे मला जॅक ओवेन्सनी समजावलं. तबकडी हा चित्राचा ठसा आहे, चित्र नव्हे. पण ठसाही नसेल तर? तर मग स्टकी होतात.

ओवेन्सना १९९३ मध्ये अमेरिकेच्या सरकारतर्फे लोककलावंतांना दिली जाणारी राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली. त्या वेळी ते नव्वदीला टेकले होते. १९९७ च्या फेब्रुवारीत ते गेले. तोवर त्यांनी आणखी एक काम करून ठेवलं होतं. पुढचा शिष्य तयार केला होता.

त्या शिष्याचं नाव जिमी होम्स. गाव त्यांना 'डक' म्हणतं. १९४८ साली त्यांच्या आईवडिलांनी, केरी आणि मेरी होम्स यांनी, बेंटोनियाच्या रेल्वेरुळासमोर ब्लू फ्रंट कॅफे उघडलं. (केरी हे इथं माणसाचं नाव बरं का, आपलं गाव नव्हे!) तिथली तीन गोष्टींसाठी ख्याती: बफेलो नावाचा गोड्या पाण्यातला मासा, ब्लूज आणि गावठी दारू. मिसिसिपी राज्यात दारूबंदी १९६६ पर्यंत होती, अमेरिकेत सर्वांत शेवटी तिथंच उठली. त्यामुळे ही दारू अर्थातच चोरटी. गावात रात्री दहानंतर संचारबंदी असायची, पण कापसाच्या हंगामात मजुरांसाठी हे कॅफे चोवीस तास उघडं. त्या उत्पन्नावर आणि थोड्या कापसावर होम्स दांपत्यानं दहा मुलं वाढवली. आपल्याकडे नाक्यावरच्या तावेर्नावर घर उभं राहिल्याच्या गोष्टी कमी नाहीत, तशीच ही एक.

जिमी होम्सनी लहानपणी स्टकींना ऐकलं होतं. १९७० मध्ये कॅफे त्यांच्याकडे आलं. १९७२ पासून त्यांनी आईच्या साथीनं गावात वार्षिक ब्लूज महोत्सव सुरू केला. पुढे ओवेन्स त्यांना शिकवायला लागले. ओवेन्सना स्वरांची नावं माहीत नव्हती, कुठल्या पट्टीत वाजवतो तेही सांगता यायचं नाही. शिकवायचं म्हणजे समोर बसायचं आणि वाजवायचं. शिष्यानं बघायचं, ऐकायचं, हाताला येईपर्यंत पुन्हा बघायचं. ही तालीम आपल्याला परकी वाटायचं कारण नाही.

होम्सचा पहिला अल्बम आला २००६ मध्ये. म्हणजे वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी! २०१९ च्या त्यांच्या 'सायप्रेस ग्रोव्ह' या अल्बमला २०२१ च्या ग्रॅमीसाठी नामांकन मिळालं. पुरस्कार बॉबी रश यांना गेला, तेही वयानं ऐंशीच्या पुढचे मिसिसिपीत रमलेले कलावंत. पण मला नामांकनापेक्षा महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. १९४८ पासूनचं ते कॅफे होम्सनी बंद पडू दिलं नाही. शहरात जाऊन वाजवणं सोपं होतं. त्यांनी कॅफेची चावी स्वतःकडे ठेवली, आणि ज्याला शिकायचं आहे तो या दारातून येईल अशी व्यवस्था केली. दूरदूरचे वादक तिथं जाऊन बसले आणि ती सा-प-सा-ग-प-सा जुळणी शिकून गेले.

काही अभ्यासकांना हे 'घराणं' वगैरे मान्य नाही. त्यांचं म्हणणं असं, की एका परगण्यातले दोन-तीन वादक सारखे वाजवतात एवढ्यावरून शैली सिद्ध होत नाही. जेम्स हे एकटे प्रतिभावंत होते, बाकीचे त्यांच्या सावलीत. वाद रास्त आहे. पण त्याचं उत्तर मिळत नाही ते का, याचा विचार करा. उत्तर एकाच माणसाच्या वादनात होतं. स्टकींनी काय वाजवलं हे ऐकायला मिळालं असतं, तर जेम्सनी किती घेतलं आणि किती स्वतःचं घातलं हे कळलं असतं. ते गेलं, आणि म्हणून जेम्स एकटे वाटतात. ज्यांचा पुरावा राहिला नाही, त्यांचं श्रेय ज्यांचा राहिला त्यांच्या खात्यावर जमा होतं. यात जेम्सचा काही दोष नाही. इतिहासाच्या वहीची ती रीतच आहे.

आणि इथं मला आपल्याकडे वळावंसं वाटतं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवायचे, मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाची मांडणी करायचे. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ साली, म्हणजे व्हॉयेजर निघालं त्याच वर्षी, प्यारेलालनी गुरूंचं नाव एका गाण्याच्या मुखड्यात गुंफलं आणि ते देशभर गाजलं. किती जणांना त्या नावामागे खरा माणूस आहे हे माहीत होतं? गोन्साल्विस २०१२ मध्ये गेले, तोवर बहुतेकांच्या लेखी ते एका विनोदी गाण्यातलं पात्रच होते. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेले गोव्याचे कितीतरी वादक असे, की ज्यांची गिटार किंवा ट्रंपेट आपण लाख वेळा ऐकली आहे आणि नाव एकदाही वाचलेलं नाही. पडद्यावर श्रेयनामावलीत त्यांना जागा नव्हती.

ही झाली मुंबईला गेलेल्यांची गोष्ट. जे गेलेच नाहीत त्यांचं काय? देवळाच्या चौकात सप्ताहाला रात्रभर पखवाज वाजवणारे, दशावतारी काल्याला पेटीवर बसणारे, गावच्या हौशी संगीत नाटकाला ऑर्गनची साथ करणारे. माझ्या पिढीनं खाप्रुमामा पर्वतकरांना ओळखलं ते गोष्टींतून. एका हातानं एक ताल, दुसऱ्यानं दुसरा, पायानं तिसरा. गोष्टी मोठ्या सुंदर आहेत. पण गोष्ट कानांना ऐकू येत नाही. आणि खाप्रुमामांच्या निदान गोष्टी तरी आहेत. माझ्या गावच्या भजनात साठ वर्षं पखवाज वाजवलेल्या एका माणसाची आज गोष्टही कुणी सांगत नाही. तो लय वाढवताना डोळे मिटायचा आणि समेच्या आधी क्षणभर श्वास धरायचा, हे मला आठवतं. मी गेल्यावर तेही नाही.

स्टकींच्या काळात ध्वनिमुद्रण महाग होतं. कंपनी हवी, स्टुडिओ हवा, हजार मैलांचा प्रवास हवा. आज तसं काहीच नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि त्यात ध्वनिमुद्रण आहे. तरीही आपण जत्रेत त्यावर काय टिपतो? रोषणाई टिपतो, स्वतःचा चेहरा टिपतो. कोपऱ्यात बसलेल्या पेटीवाल्याचं नाव विचारायचं राहून जातं. बेंटोनियात इव्हान्सनी जे केलं त्याला फार मोठी विद्वत्ता लागली असेल, पण पहिलं पाऊल साधंच होतं. गावात जायचं, विचारायचं, समोर बसून ऐकायचं आणि यंत्र सुरू करायचं. नाव, गाव, गुरू कोण, हे लिहून ठेवायचं. गुरूंचं नाव विचारायला विसरू नये. त्या एका प्रश्नातून स्टकी हाती लागतात.

मी स्वतः गेली काही वर्षं हे करतो आहे. आमच्या बाजूच्या तीन-चार जुन्या वादकांना बसवून ऐकलं, टिपून ठेवलं. फार काही ग्रेट नाही, मागे कुत्री भुंकताहेत, कुकरची शिट्टी होते आहे. पण एका पेटीवादकांनी आपल्या गुरूंकडून आलेली एक नांदी वाजवून दाखवली, ती आता निदान दोन माणसांकडे आहे. तुमच्या गावात कुणी असेल तर त्यांच्याकडे या चतुर्थीला मोदकांबरोबर हाही बेत घेऊन जा. चतुर्थीला घरोघरी आरत्या-भजनं होतातच, माणसंही गावात असतात.

आणि बेंटोनिया ऐकायचं असेल, तर माझ्या मते क्रम असा ठेवा. आधी जॅक ओवेन्स. रात्री, दिवे मालवून, घाई नसताना. मग १९३१ चे स्किप जेम्स, म्हणजे तीन मिनिटांत काय काय आटवलं आहे ते कळेल. मग जिमी होम्स, म्हणजे झाड अजून जिवंत आहे याची खात्री पटेल. हे तिन्ही झाले की शेवटी थोडा वेळ काहीच लावू नका.

तो वेळ हेन्री स्टकींचा.